खडूनं लिहिलेलं साल

याकोबकाकांच्या उजव्या कानामागं कायम खडूचा तुकडा असायचा. विडीवाले अर्धी विडी ठेवतात ना, तसा. झोपताना तरी काढतात का, असं मी एकदा सारामावशीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं होतं. "मी काढते बाप्पा," ती म्हणाली, "नाही तं उशी पांढरी होते."

खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावात 'याकोब पेंटर' अशी बारीक सही नसलेली पाटी शोधूनही सापडली नसती. किराणा, कृषी केंद्र, पिठाची गिरणी, बुद्धविहाराची कमान, मारुतीच्या पारावरची देणगीदारांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. पिंपळगाव राजाच्या बाजारातून त्यांना बोलावणं यायचं. पुढं फ्लेक्स आले आणि हे सगळं कमी झालं. पण तोवर काकांची साठी उलटली होती, आणि ते म्हणायचे, "बरं झालं. आता शिडीवर चढलो का शिडीच मले विचारते, काऊन आला म्हणून."

या माणसाचा धंद्यातला एकच नियम होता. जे झालं आहे ते ऑइलपेंटनं लिहायचं, जे व्हायचं आहे ते खडूनं. दुकानाचं नाव पेंटनं, उद्घाटनाची तारीख खडूनं. मालक कितीही ओरडला तरी तारीख पेंटनं मिळायची नाही.

एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उभ्या असलेल्या एका गड्यानं निकालाच्या आधीच घरावर लावायची पाटी करायला टाकली. काकांनी त्याचं नाव लाल रंगात, खाली सावली देऊन, झकास काढलं. आणि नावापुढं 'सरपंच' लिहिलं ते खडूनं. गडी भडकला. "काका, हे काय करून राह्यले? मी काय मेलो का निवडणुकीच्या आधी?"

"भाऊ, तुम्ही निवडून या, मी त्याच दिवशी रंगवतो. पडले तं ओलं फडकं मारा. नाव तं तुमचंच राहते, थे कोण नेते?"

गडी पडला. पाटी अजून त्याच्या दारावर आहे, नुसत्या नावाची, आणि तो ती दाखवून स्वतःच हसतो. त्याच्याजवळ हसण्याइतकं मन होतं. आमच्याजवळ नव्हतं. हाच नियम आमच्या चर्चच्या मंडळीनं याकोबकाकांवर उलटवला, आणि उलटवणाऱ्यांत मी पहिला. मी तेव्हा मंडळीचा सेक्रेटरी होतो. आजही आहे. कोणत्या तोंडानं आहे ते विचारू नका.

आमची मंडळी म्हणजे तीसेक घरं, पत्र्याचं चर्च, एक हार्मोनियम आणि चौदा बाकं. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून दोनदा यायचे, मधले रविवार आम्ही पंच मंडळी भागवायचो. पण बुधवारचा संध्याकाळचा बायबलवर्ग याकोबकाकांचा. बावीस वर्षं चालला. सातवी शिकलेला माणूस! पण तरुणपणी मिशनचा जुना बंगला रंगवायला गेले असताना तिथल्या कपाटात वाळवी लागलेली पुस्तकं त्यांना दिसली. फेकून देणार होते ती. काकांनी दोन पोती भरून घरी आणली. निम्मी वाळवीनं खाल्ली होती, उरलेली निम्मी यांनी खाल्ली, असं सारामावशी म्हणायची.

प्रकटीकरणाचं पुस्तक, म्हणजे बायबलातलं शेवटचं, जगाच्या शेवटाचं, म्हटलं की आमच्याकडं माणसं दोन जातीची. एक ते पान उघडतच नाहीत, भितात. दुसरे तेवढंच पान उघडतात, बाकीचं बायबल बंद. काका मात्र दर पावसाळ्यात, शेतं निंदून झाली की, सहा बुधवार प्रकटीकरण शिकवायचे. दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर मांजरपाटाचे चार पट टांगायचे. पट त्यांनीच रंगवलेले. चारही पटांवर तेच श्वापद, तेच कर्णे, त्याच वाट्या, फक्त खाली लिहिलेला शब्द वेगळा. 'झालं', 'होऊन राह्यलं', 'होईल' आणि 'रोज होते'.

"पाहा," काका म्हणायचे, "हे चार भाऊ आहेत. बापाचं पत्र एकच, वाचणारे चार. पहिला म्हणते, हे सारं होऊन गेलं. रोमचा बादशहा आपल्या लोकायले मारत होता, त्यायच्यासाठीच हे पत्र होतं. श्वापद म्हणजे थोच बादशहा. दुसरा म्हणते, नाही, होऊन राह्यलं. तेव्हापासून आजपर्यंतचा इतिहास याच्यात ओळीनं लिहिला आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरा, अन् मोजत चला. तिसरा म्हणते, अजून व्हायचं आहे. आधी मंडळी वर स्वर्गात घेतली जाईन, मंग सात वर्षं महासंकट, मंग राज्य. अन् चौथा म्हणते, लेकहो, हे रोजच होते. जिथं जुलूम आहे तिथं श्वापद आहे. जिथं कोणी खरं बोलून मार खाते तिथं साक्षीदार आहे."

प्रभूच्या हजार वर्षांच्या राज्याचंही तसंच. प्रभू त्या हजार वर्षांच्या आधी येणार म्हणणारे, नंतर येणार म्हणणारे, आणि हजार म्हणजे मोजायचा आकडाच नव्हे, ते राज्य चालूच आहे म्हणणारे. तिघांची बाजू काका अशी मांडायचे की त्या त्या बुधवारी आम्ही त्या त्या पक्षात जाऊन घरी यायचो. वाटेत भांडायचो. पुढच्या बुधवारी पक्ष बदलायचो.

मला हे आवडायचं नाही. मी पंचायत समितीत कारकून होतो, मला कागदाच्या शेवटी निर्णय लागतो. एकदा मी उठून विचारलं, "काका, चौघातला बरोबर कोण, ते सांगून टाका न एकदाचं."

"भाऊ, मी भिंती खरवडतो," ते म्हणाले. "सिमेंटवाल्याची जाहिरात खरवडली का खाली तंबाखूवाला निघते. थ्याच्या खाली कोण्या सर्कसचा वाघ. मी कोणाले खोटं म्हणू? पण चारही थर खरवडले का खाली भिंत असते. थे मी पाह्यली आहे."

"म्हणजे तुमचं मत काय?"

"मी रंगवणारा. चारही बोर्ड चांगले रंगवतो. दुकान कोणाचं चालते थे मालक येऊन पाहीन."

सगळे हसले, मीही हसलो, पण मनात म्हटलं, हा माणूस हातचं राखून बोलतो.

त्याच वर्गात लेआआजी यायची. तिचा एकुलता एक मुलगा रस्त्यावर अपघातात गेला होता. ती कधी काही विचारायची नाही, पहिल्या बाकावर बसून पटांवरच्या श्वापदाकडं पाहत राहायची. त्या बुधवारी मात्र तिनं हात वर केला. "याकोब, मले हे चार-बिर काही समजत नाही. माझा पोरगा उठीन का नाही, तेवढं सांग."

काकांनी कानामागचा खडू काढला, हातात फिरवला, परत ठेवला. मग आजीजवळ जाऊन खाली बसले. "आजी, हे चौघं भांडतात थे केव्हा याच्यावर. कसं याच्यावर. प्रभू येणारच नाही, असं चौघातला एकही म्हणत नाही. थो आला का तुझा पोरगा उठलाच. एवढं घेऊन घरी जा, बाकी आमाले भांडू दे."

आजीनं पदरानं डोळे पुसले आणि खरंच उठून घरी गेली. मी वहीत चारही मतं आकडे घालून नीट उतरवून घेतली होती. आजीला सांगितलेलं मात्र लिहून घेतलं नाही. ते आजीपुरतं आहे, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी माझी बायको गेली. शीला. साधा ताप म्हणता म्हणता नऊ दिवसांत गेली. आमच्याकडं लाकडी क्रूस लावतात. त्यावर नाव, जन्माचं साल, मरणाचं साल आणि खाली एक ओळ. ते सगळे क्रूस काकाच रंगवायचे आणि कोणाकडून काही घ्यायचे नाहीत. शीलाचा क्रूस त्यांनी खांद्यावर टाकून आणला, स्वतः खड्डा करून रोवला. मी त्याकडं धड पाहिलंही नाही. नंतर दर रविवारी कबरीवर जायचो तरी मातीकडं पाहून परत यायचो.

त्या उन्हाळ्यात मोठ्या शहरातून एक प्रचारकभाऊ आले. तीन दिवस मंडप, पडद्यावर चित्रं, हातात लाल उजेडाची काडी. त्यांनी बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकापासून दिवस मोजत आणले, दिवसांची वर्षं केली, आणि तिसऱ्या दिवशी शेवटच्या चौकटीत एक साल लिहिलं. दोनच वर्षं पुढचं. म्हणाले, "ज्यांची माणसं गेली आहेत त्यांनी रडू नका. दोन वर्षं! फक्त दोन वर्षं!"

मी मंडपात लहान पोरासारखा रडलो. इतके महिने मला सगळे म्हणत होते, भेटेल, भेटेल. केव्हा, ते कोणी सांगितलं नव्हतं. या माणसानं साल सांगितलं. घरी आलो आणि कॅलेंडरवर महिने मोजले. माझी तेव्हाची अवस्था सांगतोय, सबब सांगत नाही.

पंचांनी ठरवलं, हा सगळा तक्ता मोठ्या कापडावर रंगवून वेदीजवळ लावायचा. काम अर्थातच याकोबकाकांचं. त्यांनी नाही म्हटलं नाही. आठ दिवस खपले. सात डोक्यांचं श्वापद काढलं, चार घोडे काढले, कर्णेवाले देवदूत काढले. असं काम त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. शनिवारी पट चर्चमध्ये उलगडला आणि आम्ही पंच पाहतच राहिलो. शेवटच्या चौकटीत साल होतं. खडूनं.

"काका, हे राह्यलं रंगवायचं," मी म्हणालो.

"नाही राह्यलं. थे असंच राहीन."

"सभेत सगळ्यांनी ऐकलं ते. विश्वास नाही का तुमचा?"

"थो येईन याच्यावर आहे भाऊ. तुमच्या पाहुण्याच्या पाढ्यावर नाही. तुम्ही तं माझ्या वर्गात बसले, वही आहे तुमच्याजवळ. पाहा न. दिवसाचं वर्ष करते थे दुसऱ्या भावाच्या दुकानातून आणलं, अन् मंडळी वर घेते थे तिसऱ्या भावाच्या दुकानातून. या दोघायले विचारलं तं दोघंही म्हणतीन, हा माल आमचा नाही. अन् पुस्तकातच लिहिलं आहे का थो दिवस कोणालेच माहीत नाही. मंग मी कोण पेंटनं लिहिणारा?"

बरोबर होतं. वही उघडली असती तर माझ्याच अक्षरात सापडलं असतं. पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं की हा म्हातारा माझ्या शीलाची भेट ओल्या फडक्यानं पुसण्यासारखी करून ठेवतोय. माझं डोकं फिरलं. मी पट गुंडाळून त्यांच्या हातात दिला आणि सोमवारी खामगावहून फ्लेक्स करून आणला. फ्लेक्सवर साल सगळ्यांत मोठं होतं, पिवळं, मागं ज्वाळा.

बुधवारी काकांनी पावसाळ्याची वाट न पाहता चार पट टांगले आणि जे आम्हाला सांगितलं तेच वर्गाला सांगितलं. आवाज न चढवता. लोकांत कुजबुज सुरू झाली. मी पंचांची बैठक बोलावली, आणि ठराव मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून नेहमी मीच लिहितो. 'याकोब इंगळे हे मंडळीत प्रभूच्या येण्याविषयी शंका पसरवतात. सबब त्यांचा वर्ग बंद करण्यात येत असून, ते जाहीर क्षमा मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे.' आमच्यात याहून मोठी शिक्षा नाही. चोरी करणाऱ्याला, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला देतात ती. रविवारी भर उपासनेत मी ती वाचली.

काका शेवटच्या बाकावरून उठले. "क्षमा मागतो न. पण कशाची मागू थे सांगा. मले साल माहीत नाही, याची मागू का?"

पाळकसाहेब खाली पाहत होते. मी म्हणालो, "बसा." माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्याला "बसा" म्हणालो. ते बसले.

मला वाटलं होतं, आता हे यायचे बंद होतील. नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षारस आमच्याकडं काळ्या मनुका उकळून करतात आणि बोटाएवढ्या काचेच्या पेल्यांत देतात. ते पेले धुवायचं काम कित्येक वर्षं काकांचं. ठरावानंतरच्या शनिवारी पाहतो तर हे चर्चमागच्या नळावर बसून एकेक पेला उजेडात धरून पुसतायत. मी म्हणालो, "काका, राहू द्या, दुसऱ्याला सांगतो."

"काऊन? ठरावात प्यायची बंदी आहे. धुवायची थोडीच आहे?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते, ठरावात तसं आहे का म्हणून. मी "नाही" म्हटलं आणि निघून आलो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट आणि पेल्यांचा ट्रे बाकांवरून हातोहात फिरायचा. शेवटच्या बाकावर काकांकडं आला की ते दोन्ही हातांनी घ्यायचे, जरा वेळ धरायचे आणि पुढच्याला द्यायचे. सारामावशी घ्यायची, ते घ्यायचे नाहीत. मी वेदीजवळ उभा असायचो आणि मला ते बरोबर दिसायचं. पहिले काही महिने मी म्हणायचो, हट्टी आहे म्हातारा. मग काही म्हणेनासा झालो.

ते साल आलं आणि गेलं. नव्या वर्षाच्या सकाळी आम्ही सगळे उपासनेला जमलो, सगळेच्या सगळे, एकही वर गेला नव्हता. फ्लेक्स समोरच होता. कोणी त्याकडं पाहिलं नाही, लग्नात नव्या जावयाच्या फाटक्या बुटाकडं पाहत नाहीत तसं. मी प्रचारकभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "सात वर्षांचा फरक पडलाय मोजण्यात. नवा तक्ता पाठवतो." मी फोन ठेवला. घरी येऊन शीलाच्या फोटोपुढं किती वेळ बसलो ते मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी चर्चच्या चौकीदारानं विचारलं, "भाऊ, थे फ्लेक्स नेऊ का? कुटार झाकाले ताडपत्री नाही." ने म्हणालो. पुढं कित्येक दिवस त्याच्या गोठ्यामागं कुटाराच्या ढिगावर सात डोक्यांचं श्वापद आभाळाकडं तोंड करून पडलेलं असायचं. शेजारीपाजारी विचारायचे, "तुमच्या चर्चचं आहे का हो ते?"

आता ठराव मागं घ्यायला काय हरकत होती? काहीच नाही. पण मागं घ्यायचा म्हणजे कारण लिहायचं. कारण लिहायचं म्हणजे आम्ही चुकलो असं लिहायचं, आणि आम्ही म्हणजे कोण, तर मी. पंचांपैकी कोणी विषय काढला नाही. मी वाट पाहत राहिलो की काकाच एखाद दिवशी येऊन भांडतील, मग आपण मोठ्या मनानं मिटवू. ते भांडले नाहीत. एक ईस्टर गेला. पेले धुतले जात होते, ट्रे पुढं सरकत होता. माणूस इतका निगरगट्ट होऊ शकतो, हे मला स्वतःवरून कळलं.

दुसरा ईस्टर आला तेव्हा मी एकदाचं पत्र लिहिलं. चार ओळी. 'मंडळीची चूक झाली, ठराव रद्द करण्यात येत आहे, याकोब इंगळे यांची मंडळी क्षमा मागते.' पंचांच्या सह्या घेतल्या. सगळ्यांनी न वाचताच केल्या, जणू वाटच पाहत होते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी पत्र खिशात घालून काकांना शोधत निघालो. सारामावशी म्हणाली, "दफनभूमीत असतीन." ईस्टरची पहाटेची प्रार्थना आमच्याकडं तिथंच होते, म्हणून आदल्या दिवशी क्रूसांना चुना लावतात, पुसट झालेली अक्षरं परत भरतात. तेही काम त्यांचंच.

काका एका क्रूसापुढं उलट्या डब्यावर बसले होते. जवळ गेलो तेव्हा दिसलं, शीलाचा क्रूस होता. नाव आणि दोन्ही सालं भरून झाली होती. शेवटची ओळ भरत होते: 'प्रभू येईल, तेव्हा उठेल.' काळा ऑइलपेंट, अक्षर सरळ.

मी पाहत उभा राहिलो. मग इकडं तिकडं पाहिलं. सगळ्या क्रूसांवर तीच ओळ. लेआआजीच्या मुलाच्या, माझ्या वडलांच्या, सगळ्यांच्या. सगळीकडं पेंटनं. कित्येक वर्षांची.

"काका," मी म्हणालो, "ही ओळ तर व्हायची आहे अजून. खडूनं नाही लिहिली?"

त्यांनी मान वर केली. मी वेड्यासारखं काही विचारलं असावं असं पाहिलं. "हे काऊन खडूनं लिहू? हे तं पक्कं आहे." आणि परत ओळ भरू लागले.

मी तिथंच मातीत बसलो. ज्या माणसाला मी शंका पसरवतो म्हणून ताटावरून उठवलं, त्यानं माझ्या बायकोची भेट केव्हाच पक्की लिहून ठेवली होती, आणि मी दर रविवारी तिथं येऊन ती वाचली नव्हती. लाजेनं मला त्यांच्याकडं बघवेना. मी पत्र काढून पुढं केलं. त्यांनी ब्रश डब्यावर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि चष्मा लावून चारही ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या.

"चांगलं लिहिलं भाऊ. पण मले देऊन काय उपयोग? मी काय केलं नाही थे मले माहीत आहे. पहिलं मंडळीसमोर वाचलं होतं तुम्ही. हेबी तिथंच वाचा."

"उद्या वाचतो काका."

"उद्या?" चष्मा काढताना त्यांचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना. "उद्या ईस्टर आहे. उद्या पेला मिळीन न मंग मले?"

"मिळीन," मी म्हणालो.

सकाळी चर्च भरलं होतं. खामगावहून पाहुणे, नवी पातळं, लेकरांच्या हातात रंगवलेली अंडी. उपासनेच्या आधी मी पाळकसाहेबांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "सेक्रेटरी, सणाचा दिवस आहे, बाहेरचे लोक आहेत. आपल्या घरातलं आज कशाला? पुढच्या रविवारी वाचू, नक्की." मी म्हणायला हवं होतं, साहेब, आजच. मी म्हणालो, "बरं." आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. आठ दिवस सुटलो, असं वाटलं.

काका शेवटच्या बाकावर नव्हते. तिसऱ्या बाकावर होते, सारामावशीशेजारी. इस्त्रीचा पांढरा सदरा. कानामागं खडू नव्हता. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं. सूचनांची वेळ आली, मी कागद घेऊन उठलो. काकांनी समोरच्या बाकाला धरलं आणि अर्धे उठून उभे राहिले. नाव घेतल्यावर उभं राहायचं असतं, म्हणून आधीच. मी सूचना वाचल्या. महिला संघाची सभा मंगळवारी. अमक्या लेकराचा वाढदिवस. पाहुण्यांनी जेवूनच जायचं आहे. मग मी कागद मिटला आणि खाली बसलो. काका जरा वेळ तसेच अर्धवट उभे होते. मग हळूच बसले.

ट्रे फिरला. तिसऱ्या बाकावर आला. काकांनी दोन्ही हातांनी घेतला, आदल्या दिवशी स्वतः धुतलेल्या पेल्यांकडं पाहिलं, आणि सारामावशीकडं दिला. त्या दिवशी सारामावशीनंही घेतलं नाही. तिनं तो पुढं दिला आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

पुढचा रविवार त्यांना मिळाला नाही. गुरुवारी दुपारी जेवून खाटेवर टेकले ते उठले नाहीत. शुक्रवारी मातीच्या वेळी मी कबरीशी उभा राहून खिशातून पत्र काढलं. सारामावशीनं माझ्या हातावर हात ठेवला. "आता कोणाले वाचून दाखवता भाऊ? थे ऐकून राह्यले का?" मी पत्र परत ठेवलं. रविवारी मंडळीसमोर वाचलं, सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. तिसऱ्या बाकावर कोणी बसलं नव्हतं.

क्रूसाचं काय करायचं, कोणाकडून रंगवून आणायचा, असं मी विचारायला गेलो तेव्हा मावशी म्हणाली, "त्यायनं करून ठेवला आहे. मांगच्या खोलीत पाहा." चार पटांच्या गुंडाळ्यांमागं भिंतीला टेकून क्रूस उभा होता. 'याकोब इंगळे, पेंटर', पेंटनं. जन्माचं साल, पेंटनं. खाली 'प्रभू येईल, तेव्हा उठेल', पेंटनं. मरणाचं साल खडूनं. त्यांनी स्वतःचा अंदाज बांधून लिहिलं होतं आणि तो तीन वर्षांनी चुकला होता.

मावशीनं त्यांचा बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी माझ्यापुढं ठेवली. गावात दुसरा पेंटर उरलाच नव्हता. मी अंगठ्यानं खडू पुसला. एकाच फेऱ्यात निघाला. मग साल लिहिलं. कागदावर माझं अक्षर चांगलं आहे, पण लाकडावर ब्रश हातात राहत नाही. आजही जाऊन पाहा, बाकीची अक्षरं त्यांची आहेत, सरळ. साल तेवढं माझ्या हातचं आहे. ते वाकडं आहे आणि ऑइलपेंटचं आहे, पुसता येत नाही.